बास म्हणजे बास

आजचा विषय आहे बास गिटार. वाजवण्याबद्दल थोडंफार बोलूच, पण मुख्य मुद्दा विकत घेण्याचा आहे. एक घरात असताना दुसरा घेणं, दुसरा भिंतीवर टांगलेला असताना तिसऱ्याचे फोटो झूम करून बघणं. आणि हो, खरा उच्चार 'बेस' आहे हे मला माहीत आहे. तरी मी आज मुद्दाम 'बास' म्हणणार आहे, कारण मराठीत त्या शब्दाचा जो दुसरा अर्थ होतो, तोच आजच्या भागाचा विषय आहे.

वादकांच्या जगात या खाजेला 'गॅस' म्हणतात. जी, ए, एस अशी ती आद्याक्षरं. आधी त्याचा अर्थ 'गिटारी गोळा करत सुटण्याचा विकार' असा होता, मग गिटारच्या जागी पेडल, अँप, माइक असं सगळंच सामान आलं. शब्दाचं श्रेय स्टीली डॅन या बँडच्या वॉल्टर बेकरला देतात. १९९० च्या दशकात त्याने यावर एक खुसखुशीत लेख लिहिला होता. गंमत अशी की बँडच्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर हा बेकर स्वतः बासच वाजवायचा. आपल्याकडे गॅस झाला की आजी ओवा चावायला देते. या गॅसवर ओवा चालत नाही, आणि पगार झाल्यावर तर तो जास्तच धरतो.

माझ्याकडे एक बास आहे. चार तारांचा, साधा, काळा. दुसरा गेले कित्येक महिने कार्टमध्ये पडून आहे आणि दर सेलला ॲप मला त्याची आठवण करून देतं. 'नो-कॉस्ट ईएमआय, बारा महिने.' घर भाड्याचं, गावी पैसे पाठवायचे, तरी महिन्याचा आकडा इतका छोटा दिसतो की नाही म्हणायला कारण सापडत नाही. मग एकदा वाटलं, डीबग करायचं तर मुळापासून करू. ही इच्छा माझ्या डोक्यात नक्की कुठून आली? शोधत शोधत मी पोचलो डेट्रॉइटला. पण त्याआधी कॅलिफोर्नियात थांबावं लागेल.

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडर नावाचा एक रेडिओ दुरुस्त करणारा माणूस होता. याला गिटार वाजवता येत नव्हती, आणि त्याने ती शेवटपर्यंत शिकूनही घेतली नाही. पण वाजवणारे त्याच्या दुकानात येऊन तक्रारी करायचे आणि तो त्या इंजिनिअरसारख्या ऐकायचा. तेव्हा बँडमधला बासवाला उभा बास वाजवायचा, म्हणजे माणसाच्या उंचीचा तो लाकडी डबल बास. तो गाडीत मावत नाही, ट्रंपेट आणि ड्रम सुरू झाले की ऐकू येत नाही, आणि त्याला पडदे नसल्यामुळे बोट जरा सरकलं की सूर गेला. फेंडरने १९५१ मध्ये यावर उपाय काढला. गिटारसारखा गळ्यात अडकवायचा, विजेवर चालणारा, पडदे असलेला बास. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव ठेवलं 'प्रिसिजन'. (त्याच्या आधी सिएटलच्या पॉल टटमार्कने १९३० च्या दशकात असा प्रयोग केला होता, पण तो फारसा पसरला नाही. योग्य कल्पना चुकीच्या वेळी शिप केली की असं होतं.)

फेंडरने मान आणि धड चार स्क्रूंनी जोडलं. मान खराब झाली? काढा, नवी लावा. पिकअप गेला? बदला. हे वाद्य दुरुस्त होण्यासाठीच बनवलेलं आहे. त्यामुळे साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे प्रिसिजन आजही वाजतात, आणि चांगले वाजतात. वाजवणाऱ्यासाठी ही आनंदाची गोष्ट, विकणाऱ्यासाठी डोकेदुखी. न बिघडणारी वस्तू एकाच माणसाला दुसऱ्यांदा कशी विकायची?

याचं उत्तर गिटारवाल्यांना शोधावं लागलं नाही. ते मोटारवाल्यांनी आधीच शोधून ठेवलं होतं.

हेन्री फोर्डची मॉडेल टी वर्षानुवर्षं साधारण तशीच राहिली, आणि १९१४ ते १९२५ या काळात ती काळ्याच रंगात मिळायची. एकदा घेतली की झालं. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने १९२० च्या दशकात याच्या उलटा डाव टाकला. दरवर्षी नवं मॉडेल, नवे रंग, थोडा वेगळा आकार. आतलं इंजिन जवळपास तेच असलं तरी चालेल, पण शेजाऱ्याची गाडी आपल्यापेक्षा नवी दिसली पाहिजे. याच कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख चार्ल्स केटरिंग यांनी १९२९ च्या जानेवारीत एका व्यापारी मासिकात लेख लिहिला. त्याच्या शीर्षकाचा मराठी अर्थ सांगतो: 'ग्राहकाला असमाधानी ठेवा'. उघडपणे, छापून! आजच्या कुठल्या कंपनीच्या प्रॉडक्ट मॅनेजरने हे बोलून दाखवलं तर दुसऱ्या दिवशी माफीनामा येईल. तेव्हा लपवण्यासारखं काही वाटलं नाही.

आता फेंडरकडे परत या. १९५४ मध्ये प्रिसिजनच्या धडाला गोलाई आली. १९५७ मध्ये पिकअप दोन तुकड्यांचा झाला, डोकं बदललं. ही खरी सुधारणा होती, मान्य. १९६० मध्ये 'जॅझ बास' आला. दोन पिकअप, मान सडपातळ. आणि त्याच सुमारास रंगांचा छापील तक्ता आला. हे रंग कुठले? ड्यूपाँट कंपनीचे, मोटारींचे. 'फिएस्टा रेड' फोर्डच्या थंडरबर्डवरचा, 'लेक प्लॅसिड ब्लू' कॅडिलॅकवरचा. रंगासाठी पाच टक्के जास्त पैसे. म्हणजे माझ्या कार्टमध्ये जो निळा बास पडलाय, त्याचा निळा हा मुळात एका अमेरिकन गाडीचा रंग आहे, आणि शेजाऱ्याला जळवण्यासाठी तो बनवला होता. हे कळल्यावर मला कसंसंच झालं. बास अजून कार्टमध्येच आहे, ती गोष्ट वेगळी.

१९६५ च्या जानेवारीत सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली. पुढे दर्जा घसरल्याची ओरड झाली, आणि त्यातून 'सीबीएसच्या आधीचा' ही संग्राहकांची जात तयार झाली. आता नवं मॉडेल घ्या हा आग्रह होताच, शिवाय जुनं मॉडेलही घ्या हा दुसरा आग्रह सुरू झाला. गॅस दोन्ही बाजूंनी.

आता डेट्रॉइट.

जनरल मोटर्सचं मुख्यालय वेस्ट ग्रँड बूलेवार्ड या रस्त्यावर होतं. मोठी, भव्य इमारत. त्याच रस्त्यावर, २६४८ नंबरला, एक साधं दुमजली घर होतं. १९५९ मध्ये ते बेरी गॉर्डी नावाच्या तरुणाने घेतलं. गॉर्डीने त्याआधी लिंकन-मर्क्युरीच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम केलं होतं. घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन त्याने रेकॉर्ड कंपनी काढली. 'मोटर टाउन'वरून नाव पडलं मोटाउन. आणि गाणीही त्याने कारखान्यासारखीच काढली. एक टोळी गाणं लिहिणार, दुसरी वाजवणार, तिसरी तपासणार. तपासताना गाणं मोठ्या स्पीकरवर ऐकून समाधान मानायचे नाहीत. कारच्या रेडिओसारख्या छोट्या स्पीकरवर लावून बघायचे, कारण पोरं ते तिथेच ऐकणार होती.

या कारखान्याच्या तळघरातल्या स्टुडिओत बास वाजवायचा जेम्स जेमरसन. जन्म १९३६, साउथ कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावर. आईबरोबर १९५४ मध्ये डेट्रॉइटला आला, शाळेत उभा बास शिकला, रात्री जॅझ आणि ब्लूजच्या क्लबात वाजवला. विजेचा बास त्याने नंतर हातात घेतला. पहिला प्रिसिजन चोरीला गेला. मग १९६२ चा एक प्रिसिजन आला, तांबूस-पिवळ्या 'सनबर्स्ट' रंगाचा, दुकानात मिळतो तसा. त्याला 'फंक मशिन' म्हणायचे. मानेच्या बुडाशी त्याने स्वतः 'फंक' हा शब्द कोरला होता. कस्टमायझेशन म्हणाल तर एवढंच.

यावर त्याने जाड, चपट्या वेटोळ्याच्या तारा लावल्या. हे समजून घ्या, कारण पुढे लागणार आहे. बासच्या तारेवर बारीक तार गुंडाळलेली असते. ती गोल असेल तर आवाज चमकदार, खणखणीत येतो. ती पट्टीसारखी चपटी असेल तर आवाज जाड आणि मऊ येतो, डग्ग्याच्या घुमाऱ्याच्या जवळ जाणारा. जेमरसनच्या तारा चपट्या होत्या, आणि तो त्या तुटेपर्यंत बदलायचा नाही. तारांवरचा मळ हाच आवाजाचा जीव आहे असं त्याचं मत होतं. ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा. तारा पट्टीपासून इतक्या उंच की इतरांना तो बास दाबायलाच जड जायचा. आणि उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी. बासवाले त्या बोटाला 'हुक' म्हणतात.

एक बास, मळक्या तारा, एक बोट. या सामग्रीवर त्याने काय वाजवलं बघा. टेम्पटेशन्सचं 'माय गर्ल'. फोर टॉप्सचं 'बर्नाडेट'. स्टीव्ही वंडरचं 'फॉर वन्स इन माय लाइफ'. मार्विन गेचं 'व्हॉट्स गोइंग ऑन', जे म्हणे त्याने जमिनीवर उताणं पडून वाजवलं, कारण बसण्याइतका तो शुद्धीवर नव्हता. 'माय गर्ल'ची सुरुवात आठवा किंवा आत्ता लावून ऐका. तीन सूर वापरलेत, आणि गाणं कुठलं ते ओळखायला त्यातले दोन पुरतात. मग 'बर्नाडेट' लावा. तिथे तोच माणूस, त्याच वाद्यावर, गायकाच्या बरोबरीने दुसरी चाल गातोय. दोन्हीत काय बदललं? वाद्य नाही, तारा नाहीत.

मला हे प्रचंड आवडतं की ज्या रस्त्यावर बसून एका कंपनीने 'जुन्यात समाधान मानू नका' ही शिकवण जगाला दिली, त्याच रस्त्यावर हा माणूस साधी तार बदलायला तयार नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा पैसेच नसतील. आपल्या मुंबईच्या फिल्मी स्टुडिओंमध्ये तसंच होतं. परदेशी वाद्य म्हणजे आयातीचे निर्बंध, कुणीतरी सामानातून आणणार तेव्हा मिळणार. आर. डी. बर्मनच्या ताफ्यात बास वाजवणारे टोनी वाझ यांच्या पिढीसमोर सेल आणि कार्ट नव्हतं. तिथे एका वाद्यावर भागवणं हा पर्यायाचा अभाव होता, त्याला वैराग्य म्हणू नये. पण डेट्रॉइटचं तसं नव्हतं. जेमरसन महिनोन्‌महिने रोज स्टुडिओत जाणारा, घरदार असलेला वादक होता. दुकानं शहरात होती. त्याला दुसरा नको होता.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला लंडनमध्ये जॉन एंटविसल. 'द हू' या बँडचा बासवादक, आणि माझ्या मते कमालीचा वादक. १९६५ च्या 'माय जनरेशन'मध्ये बासचा सोलो आहे, रॉकमधल्या पहिल्या गाजलेल्या बास सोलोंपैकी एक. त्याची गोष्ट तो स्वतः सांगायचा. त्याला डॅनइलेक्ट्रो नावाच्या स्वस्त बासचा आवाज हवा होता. त्या तारा बारीक, पटकन तुटायच्या, आणि लंडनमध्ये सुट्या तारा मिळेनात. मग तार तुटली की हा दुकानात जाऊन अख्खा नवा बास आणायचा! असे तीन झाले. शेवटी वैतागून त्याने सोलो फेंडरवर वाजवला.

या माणसाला मी हसत नाही. त्याची गरज खरी होती. १९६६ मध्ये तो रोटोसाउंड या तारांच्या कारखान्यात गेला, आणि त्याच्याबरोबर काम करून त्यांनी गोल वेटोळ्याच्या, लखलखीत आवाजाच्या बासच्या तारा काढल्या. आज बहुतेक नव्या बासवर गोल वेटोळ्याच्याच तारा असतात, माझ्याही. म्हणजे त्याच्या खाजेतून काहीतरी जन्माला आलं. १९६७ च्या सुमारास त्याने मोडक्या बासांचे भाग जोडून एक बास बनवला आणि त्याला 'फ्रँकेन्स्टाइन' नाव दिलं. फेंडरच्या चार स्क्रूंची कमाल! त्यावर त्याने पुढची काही वर्षं काढली. इतका चांगला आवाज जुळून आल्यावर तरी थांबावं की नाही? पण तो गोळा करतच राहिला. ग्लॉस्टरशरमधला त्याचा वाडा गिटारींनी भरला. जून २००२ मध्ये, अमेरिकेचा दौरा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, तो लास व्हेगासमध्ये वारला. मे २००३ मध्ये लंडनच्या सदबीजमध्ये त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला, मालमत्तेवर येणाऱ्या कराची सोय करायला. फ्रँकेन्स्टाइनही त्यातच गेला.

इथे मला 'बघा, एकवाला शहाणा आणि खूपवाला वेडा' असं म्हणून मोकळं होता आलं असतं. इतिहास तसं म्हणू देत नाही. १९७२ मध्ये मोटाउनने डेट्रॉइट सोडलं आणि कंपनी लॉस एंजेलिसला गेली. जेमरसनही मागोमाग गेला. तिथे जग बदललं होतं. निर्मात्यांना चमकदार आवाज हवा होता, अंगठ्याने तारेवर फटका मारायची 'स्लॅप' शैली आली होती, आणि त्या आवाजाला एंटविसलवाल्या गोल तारा लागतात. जेमरसनला तारा बदला म्हणून सांगितलं गेलं. तो बदलेना. काम कमी होत गेलं, दारू वाढत गेली. दारूचा दोष तारांवर टाकता येणार नाही, ती आधीपासून होती. पण एकाच आवाजाला धरून बसण्याची किंमत त्याने मोजली हे खरं आहे. १९८३ मध्ये मोटाउनच्या पंचविसाव्या वर्षाचा मोठा कार्यक्रम झाला, टीव्हीवर गाजला. जेमरसन तिथे होता. स्टेजवर नाही, बाल्कनीत, बाहेरून तिकीट विकत घेऊन. त्याची बरीचशी गाणी त्याचं नाव न छापता विकली गेली होती. मोटाउनच्या रेकॉर्डवर त्याचं नाव पहिल्यांदा छापून आलं ते १९७१ मध्ये, 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर.

म्हणून 'एकच बास ठेवा' हा माझा नियम नाही. जेमरसन काय करत होता ते माझ्या भाषेत सांगायचं तर, त्याने वाद्य हा व्हेरिएबल काढून कॉन्स्टंट केला. मग आवाज चुकला की दोष द्यायला हातच उरतो. आमच्या कामात सगळ्यांनी हे पाहिलंय. कोड चालत नाही, मग कुणीतरी म्हणतं, फ्रेमवर्क बदलू या. तीन महिने फ्रेमवर्क बदलण्यात जातात आणि बग नव्या घरात आरामात राहायला येतो. नाचता येईना अंगण वाकडं. माझं अंगण काळं आहे आणि मला निळं हवंय, एवढाच फरक.

आणि ज्या व्हिडिओंमुळे हवंय, त्यांचं गणित बघा. बासची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते. तुमच्या फोनच्या स्पीकरला तो सूर काढताच येत नाही. वरचे स्वरांश तेवढे ऐकू येतात आणि खालचा सूर तुमचा मेंदू स्वतः भरून काढतो. म्हणजे 'दोन बासची तुलना' असा व्हिडिओ रात्री अंथरुणात पडून फोनवर बघताना तुम्ही ऐकताय त्यातला खालचा मजला तुमच्याच डोक्याने बांधलेला असतो. तरी आपण ठामपणे म्हणतो, दुसरा जास्त 'वॉर्म' आहे. मी पण म्हणतो.

मी एवढं केलं: भांडी घासायच्या नव्या स्पंजचा मऊ भाग कापून ब्रिजजवळ तारांखाली सरकवला. टोनचा नॉब पूर्ण बंद. खर्च दहा रुपये. बास ओळखू येईना. सूर लांबायचा थांबला, ठप्प, गोल, जुनाट आवाज आला, खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही बरं वाटलं असावं. मग चपट्या तारांचा एक सेट मागवला. तो स्वस्त नसतो, पण बासच्या किमतीपुढे किरकोळ आहे. 'माय गर्ल' एका बोटाने वाजवायला घेतलं आणि लक्षात आलं की सूर सोपे आहेत, पण त्यांच्यामधली जागा मला धरता येत नाही. मी दर वेळी जरा लवकर येतो. निळ्या बासवरही लवकरच आलो असतो.

एखादं वाद्य खरंच लागतं तेव्हा लागतं. पडद्यांशिवायचा सूर हवा असेल तर पडदेवाल्यावर तो येणार नाही. खालचा 'बी' हवा असेल तर पाचवी तार लागेल. लिओ फेंडर स्वतः कंपनी विकल्यावरही थांबला नाही, १९७६ चा 'स्टिंगरे' त्याच्याच हातचा. मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: मला जो सूर हवाय तो माझ्या डोक्यात आधीपासून वाजतोय, की व्हिडिओ पाहिल्यावर वाजायला लागला?

राहता राहिलं फंक मशिन. १९८३ च्या उन्हाळ्यात, जेमरसनच्या मृत्यूच्या काही दिवस आधी, ते त्याच्या घरातून चोरीला गेलं. २ ऑगस्ट १९८३ ला तो गेला, वय ४७. पुढे २००० मध्ये त्याला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, २००२ मध्ये त्याच्या साथीदारांवर माहितीपट आला, पण तो बास काही सापडला नाही. १९६२ चा प्रिसिजन, सनबर्स्ट, मानेच्या बुडाशी 'फंक' कोरलेलं. कुठेतरी असेलच, चार स्क्रूंचं वाद्य सहजासहजी मरत नाही. ज्याच्याकडे असेल त्याने बहुधा पहिल्याच दिवशी तारा बदलल्या असतील.